अमृत कोकम : साखर नेमके काय करते?

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीकडे रातांबे पिकू लागले की घरोघरी दोन कामे निघतात. पहिले आमसुलांचे. साली उन्हात वाळवायच्या आणि त्यांना रातांब्याच्याच रसाची पुटे द्यायची. याला बरेच दिवस कडक ऊन लागते, आणि पुष्कळशी फळे तर नेमकी पावसाच्या तोंडावर पिकतात. भिजलेली आमसुले बुरशीने जातात. दुसरे काम त्यामानाने निर्धास्त. फळे धुऊन कोरडी करायची, अर्धी कापून बिया काढायच्या, सालीच्या वाट्यांत साखर भरून त्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत रचायच्या आणि रोज ढवळायचे. चूल पेटवावी लागत नाही, पाणी घालावे लागत नाही, तरी सात-आठ दिवसांत बरणीत लालभडक पाक जमतो. तो गाळून घेतला की अमृत कोकम तयार.

हा रस कोठून आला, असे वर्गात विचारले तर हुशार मुले ‘परासरण’ असे उत्तर देतात. ते बरोबर आहे, पण अर्धेच. ताज्या सालीत वजनाच्या सुमारे चार पंचमांश पाणी असते. बाहेर साखरेचे तीव्र द्रावण झाले की पेशीपटलातून पाणी बाहेर येते आणि पेशीतील जीवद्रव्य आकसते. पुस्तकातला रससंकोच तो हाच. पण निव्वळ परासरण असते तर बाहेर फक्त पाणी आले असते. पटल पाण्याला वाट देते. रंगद्रव्याला आणि आम्लाला सहजासहजी देत नाही. मग पाक लाल आणि आंबट कसा?

कापलेल्या कडेच्या पेशी फुटलेल्या असतात, त्यांतून थोडा रंग लगेच येतो. बाकीच्या पेशी सतत पाणी गमावून अखेर मरतात. मेलेल्या पेशीचे पटल राखण करीत नाही. मग अँथोसायनिन गटातील लाल रंगद्रव्ये आणि हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल विसरणाने बाहेर पडतात व उलट साखर सालीत शिरते. हे पटविण्यासाठी बीटची चकती पुरते. स्वच्छ धुतलेली चकती थंड पाण्यात फारसा रंग सोडत नाही. तीच गरम पाण्यात टाकली की पाणी लाल होते. तेथे पटल उष्णतेने मोडते, बरणीत ते साखरेमुळे मोडते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे सरबत आपण बहुधा उकळून करतो ते झटपट. पण उष्णतेने अँथोसायनिनचा रंग उतरतो. कोकमाची जुनी रीत सावकाश असली तरी रंग राखते.

आता साखरेच्या प्रमाणाकडे वळू. एक किलो सालींना दोन किलो साखर हे प्रमाण ऐकून हल्ली अनेकजण दचकतात आणि ‘आरोग्यासाठी’ साखर निम्मी करतात. हिशेब करून पाहा. एक किलो सालीत सुमारे 800 ग्रॅम पाणी. दोन किलो साखर घातली तर 2,800 ग्रॅममध्ये 2,000, म्हणजे सुमारे 71 टक्के. साध्या तापमानाला पाण्यात सुक्रोज सुमारे 67 टक्क्यांपर्यंतच विरघळते, म्हणून तळाशी थोडी साखर राहते. एक किलोच घातली तर 1,800 ग्रॅममध्ये 1,000, म्हणजे जेमतेम 56 टक्के. फळांच्या टिकाऊ पाकात विद्राव्य घटक निदान 65 टक्के असावेत, असा दंडक आहे. त्याखाली यीस्टला वापरता येईल असे पाणी शिल्लक राहते, किण्वन सुरू होते आणि घट्ट बंद बरणीत कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढतो. साखर कमीच हवी असेल तर प्यायच्या वेळी पाक कमी घ्यावा. बरणीत काटकसर करू नये.

मात्र साखरेचे श्रेय एकटीचे नाही. तीव्र पाकातही तग धरणारी काही यीस्ट असतात. त्यांच्या व जिवाणूंच्या वाढीला कोकमाचे आम्ल आवर घालते. हेच आम्ल काही सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन करते, त्यामुळे पाक पुढे सहसा खडीसाखरेसारखा गोठत नाही. आम्लामुळेच ॲल्युमिनियम आणि पितळेची भांडी वर्ज्य. ओला चमचाही वर्ज्य, कारण वरच्या थरात पाणी मिसळले की तेवढाच थर पातळ होतो आणि बुरशी तेथेच धरते.

शाळेत करण्याजोगा प्रयोग असा. दोन बरण्यांत 100-100 ग्रॅम साली घ्या. एकीत 200 ग्रॅम साखर, दुसरीत 100. झाकणे सैल ठेवा. रोज त्याच वेळी साली निथळून त्यांचे आणि पाकाचे वजन करा व परत एकत्र करा. आलेखावर सालींचे वजन सुरुवातीला किती झपाट्याने उतरते आणि नंतर का मंदावते, हे मुलांना शोधू द्या. पाकाचा एक थेंब खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात टाकून रंग कसा पालटतो तेही पाहता येईल. दुसऱ्या बरणीत बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर तो दिवस नोंदवा, पण तो पाक कोणालाही चाखू देऊ नका.