मॅडम, एवढं काय लिहिताय?

काऊन्सेलरच्या केबिनमधली सगळ्यात टेन्शन देणारी वस्तू कुठली, सांगू? त्यांच्या मांडीवरचं रायटिंग पॅड! पहिल्या सेशनला मी बोलत होतो, पण डोळे सगळे त्यांच्या पेनवर. 'झोप लागत नाही' म्हटलं, पेन हललं. 'मीटिंगच्या आधी छातीत धडधडतं' म्हटलं, पुन्हा हललं. मग मी मुद्दाम हिंजवडीच्या ट्रॅफिकवर बोलायला लागलो. पेन थांबलं. म्हटलं, चला, सुटलो!

तीन सेशन्स मी अशी ट्रॅफिकमध्ये काढली. तासाचे पैसे मोजून!

कारण साधं होतं. वय २९, आयटीतली नोकरी, ऑनसाइटचं बोलणं चालू आणि घरी स्थळं बघायला सुरुवात झालेली. अशा वेळी आपलं डिप्रेशन, आपली अँग्झायटी कुठेतरी लेखी जमा होतेय, या विचारानेच घाम फुटायचा. आई म्हणाली, "जायचंय तर जा बाबा, पण असलं काही लिहून कशाला ठेवायचं? उद्या मुलीकडच्यांच्या कानावर गेलं म्हणजे?" ऑफिसमधल्या मित्राने त्यात भर घातली, "एचआरला कळलं ना, तर अप्रेझलला गेलास कामातून!"

चौथ्या सेशनला राहवलं नाही. विचारलंच, "मॅडम, एवढं काय लिहिताय माझ्याबद्दल?"

मॅडम हसल्या आणि त्यांनी चक्क पॅड फिरवून माझ्यापुढे धरलं.

चार अक्षरांचा फंडा

पानावर जेमतेम दहा-बारा ओळी होत्या. मला वाटलं होतं, माझं आख्खं चरित्र असेल! समासात चार अक्षरं: एस, ओ, ए, पी. म्हणजे 'सोप'. अंघोळीचा नव्हे हो! एस म्हणजे सब्जेक्टिव्ह, मी काय सांगितलं ते. ओ म्हणजे ऑब्जेक्टिव्ह, त्यांना समोर काय दिसलं ते. ए म्हणजे असेसमेंट, त्यावरून त्यांना काय वाटतं. आणि पी म्हणजे प्लॅन, आता पुढे काय करायचं. डॉ. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६०च्या दशकात केसपेपर लिहिण्याची जी शिस्तशीर पद्धत मांडली, त्यातून हे आलंय. पेशंटच्या अडचणी धरून नोंद करायची, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही सगळं नीट कळतं.

माझ्या पानावर एसपुढे माझंच वाक्य होतं, 'रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो.' ओपुढे लिहिलं होतं: आवाज बारीक, पाय सतत हलतात, कामाचं निघालं की ट्रॅफिककडे वळतात.

घ्या! म्हणजे मी काय लपवलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मी लपवतोय हे मात्र रीतसर नोंदवलेलं होतं.

नववा प्रश्न

फाइलमध्ये आणखी एक कागद असायचा. दर दोन आठवड्यांनी भरायचा, 'पीएचक्यू-९'. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, उदासपणा यांनी किती दिवस छळलं, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. इथे जास्त मार्क मिळाले तर पेढे वाटायचे नाहीत! १० किंवा अधिक मार्क मध्यम डिप्रेशनकडे बोट दाखवतात, १५ च्या पुढे त्याहून तीव्र. अँग्झायटीसाठी असाच सात प्रश्नांचा 'जीएडी-७'. नुसत्या मार्कांवरून निदान होत नाही, पण ताप मोजायला थर्मामीटर असतो तसा याचा उपयोग.

पहिल्या वेळी माझे १७ आले, मग १६. पाचव्या सेशनला १८. आणि त्या दिवशी नवव्या प्रश्नापुढे मी '०' ऐवजी '१' वर टिक केली होती. हा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. कुणी बघणारच नाही, असं गृहीत धरून मी कागद पुढे सरकवला होता.

मॅडमनी तो बघितला आणि बाकी सगळं बाजूला ठेवलं. सरळ विचारलं, "जीव द्यावा असं वाटतं का?" इतकं थेट मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "करणार नाही काही. पण संपलं तर बरं, असं वाटतं कधीकधी." त्यांनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले आणि मला वाचून दाखवले. मग आम्ही दोघांनी मिळून एक पान केलं. तसं वाटायला लागलं की काय करायचं, कुठे जाऊन बसायचं, कुणाला फोन लावायचा. पहिला नंबर दादाचा. सायकियाट्रिस्टकडे जायचं ठरलं. त्यांच्यासाठीचं पत्र मॅडमनी आधी मला वाचायला दिलं आणि माझी सही घेऊनच पाठवलं.

त्या दिवशी पहिल्यांदा पॅडची भीती वाटली नाही. इतके महिने एकट्याने डोक्यात वागवलेली गोष्ट आता कागदावर होती आणि दुसऱ्या कुणालातरी माहीत होती.

होमवर्क आपल्यालाही!

नोंदी फक्त मॅडमच ठेवत होत्या असं नाही. मलाही एक वही दिली होती. डॉ. अॅरन बेक यांच्या कॉग्निटिव्ह थेरपीतली ही 'थॉट रेकॉर्ड'ची युक्ती. काय घडलं, मनात कुठला विचार आला, तो किती टक्के खरा वाटला, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावा काय, असे रकाने.

माझी एक नोंद सांगतो. मॅनेजरचा मेसेज: 'जरा बोलायचंय, पाच मिनिटं.' विचार: नोकरी गेली. खात्री: ९० टक्के. बाजूने पुरावा: स्मायली टाकलेला नाही. (हसू नका, तेव्हा तो मला सॉलिड पुरावा वाटला होता!) विरुद्ध पुरावा: गेल्याच आठवड्यात नवं मॉड्यूल दिलंय. प्रत्यक्षात काय? गणपतीच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक लावायचं होतं. अशा वीसेक नोंदी झाल्या, तेव्हा कळलं की माझ्या ९० टक्क्यांना फारसा अर्थ नाही.

सहा कागद

अकराव्या सेशनला मी वैतागून म्हटलं, "मॅडम, काडीचा फरक नाही. थांबवू या का?" आणि मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

मॅडमनी वाद घातला नाही. त्या दिवशीचा कागद भरून घेतला आणि सगळे सहा कागद टेबलावर ओळीने मांडले. १७, १६, १८, १३, ११, ९. झोपेचा प्रश्न ३ वरून १ वर आला होता. नववा प्रश्न शून्यावर.

मी बघतच राहिलो. त्यांनी समजावलं की मन उदास असलं की वाईट आठवणी पटकन वर येतात आणि बऱ्या दिवसांची आठवणच राहत नाही. मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या डोक्यातलं रजिस्टरच त्या काळात एकतर्फी लिहिलं जात होतं. फाइलमधलं तसं नव्हतं.

पण फाइल कुणाची?

आता आईच्या आणि मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. 'मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७' मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे आपल्या मानसिक आरोग्याची माहिती गोपनीय राहणं हा आपला हक्क आहे. अपवाद मोजके: उपचार करणारे इतर तज्ज्ञ, आपण नेमलेला प्रतिनिधी, जिवाला किंवा दुसऱ्या कुणाला धोका, कोर्टाचा आदेश वगैरे. या यादीत एचआर नाही. होणारे सासरेही नाहीत! कलम २५ प्रमाणे आपल्या मूलभूत नोंदी आपण मागून बघू शकतो. वाचून आपल्यालाच गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल, असा भाग तेवढा राखून ठेवता येतो.

तरी विचारायला लाजू नका. पहिल्याच भेटीत हे विचारा:

• नोंदी कागदावर ठेवता की कॉम्प्युटरवर? कुलूप किंवा पासवर्ड आहे का?
• माझ्याखेरीज त्या कोण बघू शकतं?
• तुम्ही क्लिनिक सोडलंत तर माझी फाइल कुठे जाणार?
• काऊन्सेलिंग कंपनीकडून असेल, तर कंपनीला नेमकं काय कळवलं जातं?
• मला माझ्या नोंदी बघता येतील का?

या प्रश्नांवर कुणी चिडलं, तर दुसरा काऊन्सेलर शोधा. आणि रात्री-अपरात्री मन फारच घसरलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर २४ तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

परवाच्या सेशनला पोचायला मला उशीर झाला. धापा टाकत बसलो आणि म्हटलं, "दीड तास अडकलो मॅडम, वाकडच्या पुलाखाली! जाम चिडलो. पण पोटात गोळा नाही आला."

पेन हललं. काय लिहिलं, ते मी बघितलंच नाही.