जॉन बॅनव्हिल यांचा पंक्तिभेद

'गंभीर' कादंबरी मुख्य पंगतीला आणि रहस्यकथा बाहेर ओसरीवर, हा पंक्तिभेद बहुतेक भाषांमधले समीक्षक पाळतात. आयरिश कादंबरीकार जॉन बॅनव्हिल यांनी तो स्वतःच्याच लेखनात मांडला. २००५ मध्ये 'द सी' या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांची 'क्रिस्टीन फॉल्स' ही रहस्यकथा बेंजामिन ब्लॅक या नावाने आली. खरा लेखक कोण, हे कधी लपवलेले नव्हते. हे पान वेगळे आहे, एवढेच वाचकाला कळावे असा हेतू होता. पण दोन्ही नावांची पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर पाने वेगळी असली तरी वाढप एकाच भांड्यातले आहे, असे दिसते.

१९४५ मध्ये वेक्सफर्डला जन्मलेल्या बॅनव्हिल यांनी एअर लिंगस या विमान कंपनीत कारकुनी केली, मग वृत्तपत्रांत काम केले. कोपर्निकस आणि केप्लर यांच्यावरील कादंबऱ्यांनी त्यांचे नाव झाले. मात्र १९८९ ची 'द बुक ऑफ एव्हिडन्स' ही उघडउघड खुनाचीच गोष्ट आहे. १९८२ मध्ये आयर्लंड हादरवून टाकणाऱ्या दोन खुनांचा तिला आधार आहे. तिचा नायक फ्रेडी एक चित्र चोरताना आड आलेल्या मोलकरणीला मारतो. खुनी कोण, हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक असते. रहस्य आहे ते फ्रेडीच्या मनात. चित्रातल्या बाईचे अख्खे आयुष्य तो कल्पनेने रचतो, पण समोरची जिवंत बाई त्याला माणूस म्हणून दिसतच नाही. हाच आपला मूळ गुन्हा, असे शेवटी त्याला उमगते.

आता ब्लॅक यांच्या 'क्रिस्टीन फॉल्स'चा नायक क्वर्क पाहा. १९५० च्या दशकातल्या डब्लिनमध्ये तो रुग्णालयाच्या तळघरात शवविच्छेदन करतो. एका मृत तरुणीच्या कागदपत्रांत फेरफार होताना त्याला दिसतो आणि धागा अविवाहित मातांच्या बाळांना गुपचूप अमेरिकेत धाडणाऱ्या प्रतिष्ठितांपर्यंत जातो. हे काही निव्वळ कल्पित नव्हे. त्या काळात आयर्लंडमधून दोन हजारांच्या आसपास मुले अमेरिकेत दत्तक गेली. अशा मातांना ठेवणाऱ्या संस्थांवरचा सरकारी चौकशी अहवाल २०२१ मध्ये आला. फ्रेडीने एकट्याने जे केले, तेच इथे चर्च, डॉक्टर आणि अब्रूदार घराणी मिळून करतात: समोरच्या बाईला माणूस म्हणून पाहायचे नाकारतात. ती नुसती नोंद होऊन फायलीत जाऊ नये, एवढाच क्वर्कचा हट्ट.

यावर आक्षेप असा की लेखकानेच फरक सांगितला आहे: बॅनव्हिल म्हणून दिवसाला दोनशे शब्द झाले तरी समाधान, ब्लॅक म्हणून दोन हजारांच्या वर, एक कला, दुसरी कारागिरी. फरक आहेच. बॅनव्हिल यांचे वाक्य थांबून चाखावे लागते, ब्लॅक यांचे वाक्य पुढे ढकलते. पण वेग हा लिहिण्याच्या रीतीचा गुण झाला. त्यावरून आशयाची खोली ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रहस्यकथा शेवटी सगळे हिशेब मिटवते, साहित्य ते उघडे ठेवते. नेमका हाच नियम ब्लॅक मोडतात. क्वर्कला सत्य कळते, पण ते त्याला अनाथपणातून उचलून वाढवणाऱ्या न्यायाधीशाच्याच उंबऱ्याशी येऊन थांबते आणि सत्तेला फारशी झळ पोचत नाही. उत्तर सापडते, न्याय नाही.

पुढे ही भिंत लेखकानेच पाडली. २०२० मध्ये 'स्नो' ही एका धर्मगुरूच्या खुनाची कथा इंग्रजीत बॅनव्हिल याच नावाने आली आणि २०२१ च्या 'एप्रिल इन स्पेन'मध्ये तिचा तपास अधिकारी स्ट्रॅफर्ड क्वर्कच्या जगात आला. यात प्रकाशनाचा व्यवहारही असेल. तरी एवढे खरे की दुसऱ्या नावाची गरज कथांना कधीच नव्हती. आपल्याला माणूस का दिसत नाही, हा प्रश्न फ्रेडीच्या कोठडीत होता आणि क्वर्कच्या तळघरातही तोच होता.