तेल हवंय? मग आधी पाणी सोडा!

नळाला पाणी कधी येणार याची वाट बघणाऱ्या आपल्या संभाजीनगरकरांना हे ऐकून धक्का बसेल, पण तेल काढायला जमिनीत मुद्दाम पाणी सोडतात. घाबरू नका, ते समुद्राचं असतं!

मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर, अरबी समुद्रात ‘मुंबई हाय’ आहे. तेल सापडलं 1974 मध्ये, उत्पादन सुरू झालं 1976 मध्ये. हे तेल तळ्यासारखं साचलेलं नाही, चुनखडीच्या बारीक छिद्रांत भरलेलं आहे. सुरुवातीला आतल्या दाबानेच ते वर येतं. उपसा होत गेला की दाब घटतो आणि बरंच तेल खडकातच अडकतं. म्हणून ओएनजीसीने 1980 च्या दशकात तिथे पाणी सोडायला सुरुवात केली.

आधी पाणी गाळतात, नाहीतर छिद्रं बुजतील. ऑक्सिजन काढतात, नाहीतर पाइप गंजतील. जंतूही मारतात. मग वेगळ्या विहिरींतून ते जोराने आत सोडतात. पाणी दाब टिकवतं आणि तेलाला शेजारच्या विहिरीकडे ढकलतं.

खरी गोम पुढेच आहे. पाणी सोपी वाट शोधतं. भेग मिळाली की तेलाला बगल देऊन थेट वर येतं. मग तेलापेक्षा पाणीच जास्त उपसायचं, वेगळं करायचं, आणि खर्च वाढतो तो निराळाच. म्हणून कुठे आणि किती पाणी सोडायचं, यातच सगळं कसब.

भारत 80 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. म्हणून म्हाताऱ्या विहिरींना असं सांभाळणं परवडतं!