गोर्बाचेव्ह यांना आधीच हेरणारे प्राध्यापक

सोव्हिएत राजवटीचा अभ्यास म्हणजे बंद दाराला कान लावून आतला अंदाज घेणं! त्यात मुरलेलं नाव म्हणजे आर्ची ब्राउन. जन्म १९३८, स्कॉटलंड. सुरुवात स्थानिक वृत्तपत्रातल्या बातमीदारीनं, पुढे ग्लासगोत अध्यापन आणि १९७१ पासून ऑक्सफर्ड.

१९७९ मध्ये त्यांची झ्देन्येक म्लीनार यांच्याशी गाठ पडली. १९६८ च्या ‘प्राग वसंता’तले, म्हणजे चेकोस्लोव्हाकियातल्या सुधारणा चळवळीतले हे नेते मॉस्को विद्यापीठात मिखाईल गोर्बाचेव्ह यांचे वर्गमित्र होते. आपला मित्र हुशार आणि मोकळ्या मनाचा आहे, असं त्यांनी सांगितलं. ब्राउन यांनी ते नाव मनात पक्कं केलं.

सप्टेंबर १९८३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी चेकर्स या आपल्या ग्रामीण निवासस्थानी तज्ज्ञांना बोलावलं, तेव्हा ब्राउन यांनी गोर्बाचेव्हकडे लक्ष वेधलं. डिसेंबर १९८४ मध्ये गोर्बाचेव्ह ब्रिटनला आले आणि मार्च १९८५ मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले!

ब्राउन यांचं ‘द राइज अँड फॉल ऑफ कम्युनिझम’ (२००९) जरूर वाचा. ‘कम्युनिस्ट राजवट’ नेमकं कशाला म्हणायचं, याची सहा लक्षणं त्यात आहेत. पुस्तक जाडजूड आहे, पण कंटाळा येणार नाही.