बर्फावरच्या तंबूंचा शुक्रवार

सकाळी ६

बाहेर उणे २३ सेल्सिअस. दुकानाच्या मागच्या दाराशी रात्री कोणीतरी तंबू टाकून गेलंय, पिशवीला नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी बांधून. मी तो आत ओढते, पण उलगडत नाही. कापड ओलं असताना गोठलंय. आत्ता जोर लावून घडी मोडली तर आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा लेप घडीच्या रेषेवर तडकू शकतो, आणि लेप गेला की ते कापड वारा अडवेल, पाणी अडवणार नाही. पिशवीतून काढून गोळा तसाच आडव्या दांड्यावर टाकते, खाली परात ठेवते. हीटरपासून लांब. तासाभरात थेंब पडायला लागतील.

सेंट पॉलच्या उत्तरेला हायवेलगत आमचं दुकान आहे. उन्हाळ्यात बोटींची झाकणं आणि सीटांची कव्हरं, डिसेंबर ते मार्च बर्फावर मासे धरणाऱ्यांचे तंबू. गोठलेल्या तलावावर गिरमिटाने भोक पाडायचं, वर तंबू उभा करायचा, आत हीटर लावून गळ सोडून बसायचं. मिनेसोटात आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे हे करतात. शुक्रवारी आमची सर्वांत जास्त धावपळ, कारण शनिवारी पहाटे अर्धं गाव उत्तरेला मिल लॅक्सकडे निघतं. सुमारे ५३५ चौरस किलोमीटरचा तो तलाव, हिवाळ्यात सपाट, पांढरा, वाऱ्याला अडवायला काही नाही. तिथे तंबू फाटला तर गाडी येईपर्यंत त्याच फाटक्यात बसावं लागतं.

परातीत पडणारं पाणी बर्फाचं आहे असं बहुतेकांना वाटतं. त्यातलं बरंचसं हीटरमधून आलेलं असतं. प्रोपेन जळताना पाण्याची वाफ तयार होते, एक किलो प्रोपेनमागे साधारण १.६ किलो पाणी. म्हणजे एक पौंडाचा लहान सिलिंडर संपेपर्यंत पाऊण लिटरच्या आसपास पाणी तंबूच्या हवेत गेलेलं असतं, माणसांच्या श्वासातलं वेगळंच. ते थंड छताला लागतं, ओघळून खालच्या घेराशी येतं आणि घेर बर्फाला चिकटून गोठतो. संध्याकाळी घरी जायची घाई. माणूस घेर धरून हिसडा मारतो, नाहीतर पहारीने बर्फ फोडायला जातो आणि पहार कापडात घुसते. आमच्याकडे येणाऱ्या फाटक्या घेरांपैकी बहुतेकांचं मूळ हेच.

सकाळी ७:३०

अजून अंधारच आहे, जानेवारीत सूर्य आठच्या जरा आधी उगवतो. माझी सहकारी आली. ती ह्मोंग आहे. १९७५ नंतर लाओसमधून निघालेल्या ह्मोंग कुटुंबांपैकी खूप जण सेंट पॉलमध्ये स्थिरावले आणि त्यांच्या बायकांबरोबर पा न्दाउ हे त्यांचं भरतकामही इथे आलं. तिच्या आईचा हात त्यात बसलेला होता, तिचा मशीनवर बसलाय. शिवाय ती स्वतः दर रविवारी नवऱ्याबरोबर बर्फावर असते, त्यामुळे तंबू तिला आतूनही ठाऊक आहे. कोणता खिसा कुठे असला की हातमोजे न काढता हात पोचतो, हे मी तिच्याकडूनच शिकले.

आमचा एक नियम आहे. फाटलेलं आधी शिवायचं नाही, आधी तंबू उभा करायचा. दुकानाचं छत त्यासाठीच उंच आहे. टेबलावर पसरलेलं कापड फक्त भोक दाखवतं. उभा तंबू ताण कुठून कुठे जातो ते दाखवतो, आणि भोक पडलं कशाने हे तिथेच कळतं.

सकाळी ८

आजचं मोठं काम हबचं. हब म्हणजे चार भिंती आणि छत असलेला, क्षणात उघडणारा तंबू. प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक सांधा, त्यातून फायबरग्लासच्या चार काठ्या चार कोपऱ्यांकडे जातात. मधला पट्टा बाहेर खेचला की काठ्या कमानीसारख्या वाकून बसतात आणि सबंध भिंत ताणली जाते. वरच्या कोपऱ्यात दोन भिंतींची आणि छताची अशी तीन काठ्यांची टोकं एकत्र येतात. तो कोपरा सर्वांत जास्त सोसतो.

याचा वरचा डावा कोपरा गेलाय. मालकाने त्यावर चंदेरी डक्ट टेपचे थर चढवलेत. थंडीत त्या टेपचा गोंद कडक होऊन सुटतो, उबेत चिकट लगदा होऊन कापडावर राहतो, आणि त्या लगद्यावर पुढचा कुठलाही गोंद धरत नाही. सगळं हळूहळू सोलते, राहिलेला लगदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते. खाली काटकोनात गेलेली चीर निघाली, एक हात उभ्या धाग्यांच्या बाजूने, दुसरा आडव्या. मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेजारी वाढले, ताणा-बाणा बघायला मला भिंग लागत नाही. काटकोनी चीर म्हणजे एका बिंदूवर काहीतरी टोचलं आणि कापड दोन्ही दिशांना उलगडत गेलं. वाऱ्याने नुसतं फाटलं असतं तर चीर सरळ धावली असती.

मग टोचलं काय? कोपऱ्याचा खिसा उसवते. काठीचं टोक बाहेर येतं आणि उत्तर मिळतं. टोकावरची रबरी टोपी नाही. उघडं फायबरग्लास, कडेला बारीक कुसं. दर वेळी तंबू उघडताना ते टोक खिशाचं अस्तर खरवडत होतं. टेपखाली हे कधीच दिसलं नसतं, आणि मी नुसतं ठिगळ लावून दिलं असतं तर पुढच्या हिवाळ्यात तेही असंच पोखरलं गेलं असतं. टोक पाण्यात भिजवलेल्या बारीक सँडपेपरने घासते, कुसं हातात आणि धूळ नाकात जाऊ नये म्हणून हातमोजे आणि मास्क घालून. नवी टोपी बसवते. उरलेल्या काठ्यांची टोकंही तपासते, आणखी एक टोपी सैल निघते.

आता शिवण. चिरेच्या कडा गरम सुरीने हलक्या हाताने बंद करते, पॉलिएस्टर वितळून धागे सुटायचे थांबतात. कडा एकमेकींवर चढवायच्या नाहीत, एकमेकींशी टेकवायच्या. चढवल्या तर भिंत तेवढी आखूड होते, काठीला जास्त वाकावं लागतं आणि ताण समोरच्या कोपऱ्यावर जाऊन तो फाटतो. टेकवलेल्या कडांवर रुंद, सैल झिगझॅग टीप.

मग आतून ठिगळ. कापड ६०० डेनियरचं, कारण तंबूही तेवढ्याचाच आहे. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तेवढा धागा जाड. जाड कापडाचं ठिगळ लावा असं गिऱ्हाईक हमखास सांगतं, आणि मी ऐकत नाही. पातळ भिंतीवर जाड ठिगळ लावलं की ठिगळाची कड ताठ राहते, भिंत त्या कडेवर सारखी दुमडते आणि वर्षभरात तिथेच चिरते. ठिगळाचे ताणे भिंतीच्या ताण्यांच्या दिशेने ठेवते, कोपरे गोल कापते, आणि चिरेच्या पलीकडे बोटभर थांबत नाही. ठिगळ थेट शेजारच्या जुन्या शिवणीपर्यंत नेते, म्हणजे ताण पुन्हा शिवणीकडेच जातो, जिथे तो मुळात जायला हवा होता. बाहेरून दुसरं, आकाराने लहान ठिगळ. दोन्ही एकाच मापाची केली तर टिपा एकावर एक पडतात, आणि सुईची एवढी भोकं एका ओळीत आली की कापड त्या ओळीवरच सुटतं.

वॉकिंग फूट मशीन, जी कापड वरून आणि खालून एकाच वेळी पुढे नेते. १८ नंबरची सुई, ६९ नंबरचा पॉलिएस्टर दोरा, टाका चार मिलिमीटरच्या आसपास. सुती दोरा इथे चालत नाही, तो ओल शोषतो आणि कुजतो. शेवटी खिसा: दोन पदरी जाड पट्टी, चौकोन आणि त्यात फुली अशी टीप. हा भाग मशीनखाली नीट बसत नाही, म्हणून अर्धा दाभणाने हातानेच. बोटं दुखतात, पण हाताने घातलेला टाका कोपऱ्यात जसा वळवावा तसा वळतो.

पुन्हा उभा केला. पट्टा खेचला, चारही काठ्या सारख्या बसल्या, नव्या कोपऱ्यात एकही चुणी नाही. साडेअकरा वाजलेत.

सकाळी ११:३०

उंदीर. अस्तरात पॉलिएस्टरची रुई असलेला उबदार तंबू गॅरेजमध्ये पडून होता, खिशात शेंगदाणे राहिलेले. उंदरांनी रुई ओढून घरटं केलंय. लेंड्या आम्ही कोरड्या झाडत नाही. त्या धुळीतून हन्टाव्हायरस जाऊ शकतो, म्हणून ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसायच्या. सहकारी नवी रुई कापून भरते आणि कडेनेच टाके घालते. मधून टीप मारली असती तर रुई दबून तिथे गार पट्टा राहिला असता.

दुपारी १२:१५

तलावावरून फोन. वाऱ्याने भिंत फाटली, दुरुस्तीची टेप पिशवीत आहे पण चिकटत नाही. हा प्रश्न मला दर हिवाळ्यात येतो, म्हणून उत्तर तोंडपाठ आहे. टेप आधी जॅकेटच्या आत, काखेजवळ ठेवून गरम करा. भिंतीवरचा ताण काढा, त्या बाजूचा मधला सांधा आत ढकला. कापड आतल्या बाजूने कोरडं करा, आणि ती जागा हाताच्या उबेने गरम होईपर्यंत धरून ठेवा. टेपचे कोपरे गोल कापा, लावल्यावर अंगठ्याने जोर देऊन घासा.

"नाहीच धरली तर?"

"सुई आहे का? गळाचा विणलेला दोरा वापरा. एकतंतू नको."

विणलेला दोरा बऱ्याच गळवाल्यांकडे असतो, आणि ताकदीने तो आमच्या दोऱ्याला हार जात नाही.

दुपारी १:३०

जेवणाच्या डब्याचं झाकण लावते तोच एक मराठी तरुण येतो, चारेक वर्षांच्या मुलीला घेऊन. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी तरी माझा पत्ता दिला म्हणे. जुना हब विकत घेतलाय, चेन बिघडलीये. चेनचे दात शाबूत आहेत, रनरच झिजलाय. तो बदलते, दहा मिनिटांचं काम.

"काकू, अजून एक. वरच्या या दोन जाळ्या शिवून टाकता येतील का? हिला फार थंडी वाजते."

"नाही रे. त्या मी शिवणार नाही."

"मग निदान आतून चिकटपट्टी लावून द्या ना."

मी त्याला खुर्चीवर बसवते. हीटर चालू असेल तर त्या जाळ्या उघड्याच राहायला हव्यात, खाली एक आणि वर एक वाट हवेला मिळायलाच हवी. हवा कमी पडली की प्रोपेन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. "पोरगी झोपली तर तुला वाटेल, दमली बिचारी." तो गप्प होऊन तिच्याकडे बघतो. ती टेबलाखालच्या चिंध्यांमधून निळे तुकडे वेचतेय.

थंडी खालून येते, वरून नाही. म्हणून पायाखाली फोमच्या चटया, घेरावर बाहेरून फावड्याने बर्फ (हवेची खालची वाट तेवढी मोकळी ठेवून), आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगलेला. एवढं केलं तर जाळ्या उघड्या ठेवूनही आत जॅकेट काढता येतं. अलार्म आजच घेणार असं त्याच्याकडून वदवून घेतलं. बर्फ किती जाड लागतो तेही त्याने विचारलं: चालायला नवा, स्वच्छ बर्फ निदान ४ इंच, लहान गाडीला ९ ते १० इंच, हे राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे आकडे आहेत. पण आकडा पाठ असून भागत नाही, दर थोड्या अंतरावर भोक पाडून मोजायचं. तलाव सगळीकडे सारखा गोठत नाही.

दुपारी ३

वितळलेली भोकं. हीटरजवळ भिंत फडफडली की पॉलिएस्टर वितळून कडेला कडक काळी कडी तयार होते. ती कापून काढल्याशिवाय ठिगळ लावत नाही, नाहीतर ती कडीच थंडीत मोडते आणि चीर पुढे सरकते.

दुपारी ४

सत्तरीचे एक गृहस्थ फ्लिप-ओव्हर घेऊन आले. स्लेजवर बसवलेला, बसल्या जागी डोक्यावरून पुढे ओढून घ्यायचा तंबू. या प्रकाराला चालना दिली ती मिनेसोटाच्या डेव्ह गेन्झ यांच्या 'फिश ट्रॅप'ने, १९८०च्या दशकात. सुरुवातीला ते तंबू घरच्या घरी बनत आणि कापड त्यांच्या पत्नी पॅट्सी शिवत. लोक गेन्झ यांचं नाव घेतात, गळ टाकण्याच्या त्यांच्या पद्धतींबद्दल बोलतात. मला मात्र दर वेळी ते घरातलं शिलाई मशीन आठवतं. हा सगळा धंदा, मोठे कारखाने, दुकानांतल्या रांगा, त्यामागे एका बाईच्या टिपा आहेत. हे लोकांना माहीत असायला हवं.

गृहस्थांच्या छताची शिवण उसवलीये. नवी टीप मारते, पण तंबू आज मिळणार नाही असं सांगते. भिंतीची शिवण मी गोंद न लावताही देते, कोरडा बर्फ सुईच्या भोकातून आत येत नाही. छताचं वेगळं आहे. आतल्या उबेने वरचा बर्फ वितळतो आणि पाणी थेट त्या भोकांत उतरतं. तिथे युरेथेनचा गोंद लावावाच लागतो आणि तो सुकायला ८ ते १२ तास लागतात. ते नाराज होतात. उद्या नातवाला न्यायचंय. दुकानातला एक जादा तंबू त्यांना देते, आणि त्यांचा चेहरा जरा सैल होतो.

संध्याकाळी ५

अंधार पडला. हबचा मालक आला. काठीचं टोक कसं उघडं पडलं होतं ते त्याला समजावते, शिल्लक टोप्या पाकिटात घालून देते. रात्रभर तंबू बर्फावर ठेवणार का, हे विचारते. ठेवायचा असेल तर कायद्याने प्रत्येक बाजूला निदान २ चौरस इंच चमकणारी पट्टी हवी, आणि आमचं बाहेरचं ठिगळ नेमकं तिच्यावर आलंय. नवी पट्टी शिवून देते. अंधारात स्नोमोबिल वेगाने येतात.

"रविवारी परत आलात की पिशवीत ठेवू नका," मी म्हणते. "गॅरेजमध्ये टांगा, पूर्ण वाळू द्या, खिसे रिकामे करा."

संध्याकाळी ६:३०

सहकारी मशीनला तेल घालून निघाली. मी गृहस्थांच्या छतावर गोंदाचा पातळ हात फिरवते, आतल्या बाजूने, दोन्ही टिपांवर. खिडकी जराशी उघडी, गोंदाचा वास उग्र असतो. छत ताणून दांड्यावर टांगते आणि चिठ्ठी लावते: सकाळी बोट लावून बघणे, चिकटत असेल तर घडी घालू नये. सकाळी आत घेतलेला गोठलेला तंबू आता पूर्ण वाळलाय. उलगडून बघते. घेर तीन जागी फाटलाय, पहारीच्या खुणा स्पष्ट आहेत. उद्याचं पहिलं काम.