पोटात गोळा आलाच नाही!

तर हवाईतल्या ओआहू बेटावर मी विमानातून उडी मारली. एकटीने नाही हां, टँडम. पाठीशी इन्स्ट्रक्टर जखडलेला आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर.

मला भीती होती आकाशपाळण्यासारखा पोटात गोळा येण्याची. आलाच नाही! कारण विमान आधीच वेगात असतं, त्यामुळे बाहेर पडताच वारा अंगावर आदळतो. पडतोय असं न वाटता वाऱ्यावर रेलल्यासारखं वाटतं. आता दोघांचं वजन, म्हणजे वेगही जास्त होणार ना? म्हणून इन्स्ट्रक्टर लगेच ड्रोग नावाचं छोटं पॅराशूट मागे सोडतो. मग वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास राहतो. साधारण ५,००० फुटांवर मोठं पॅराशूट उघडलं आणि एकदम शांतता. खाली निळं पाणी, प्रवाळ, सगळं स्पष्ट.

पण हे ऐकाच. माझा प्लॅन होता सकाळी स्कूबा, दुपारी उडी. नशीब, आधी विचारून घेतलं! पाण्याखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. लगेच उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. डाइव्हनंतर अशी उडी मारायची तर किमान २४ तास थांबायचं. मी सरळ क्रमच उलटा केला. आधी आकाश, दुसऱ्या दिवशी समुद्र.