संवर आणि निर्जरा : गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील दोन लसी

नव्या कर्मांचा आस्रव थांबवणे म्हणजे संवर, आणि पूर्वी बांधलेल्या कर्मांचा क्षय करणे म्हणजे निर्जरा. मुक्तीसाठी दोन्ही आवश्यक. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसींचे स्वरूप समजून घेताना हाच भेद उपयोगी पडतो.

या रोगाचे मूळ ह्युमन पॅपिलोमा विषाणूत, म्हणजेच एचपीव्हीत आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउजेन यांना १९८३ साली कर्करोगाच्या पेशींत त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार आढळला. या संशोधनासाठी २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांतील रोगास कारणीभूत असतात.

किशोरवयीन मुलींना दिली जाणारी लस संवरासारखी आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ याच प्रकारची. ती विषाणूच्या बाह्य कवचाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करून त्याला दारातच अडवते. परंतु विषाणू एकदा पेशीत स्थिरावला, की ही प्रतिपिंडे तेथे पोहोचू शकत नाहीत. म्हणूनच आधी झालेला संसर्ग या लसीने बरा होत नाही.

निर्जरेचे कार्य करू पाहते ती उपचारात्मक लस. बाधित पेशीत विषाणू ई६ व ई७ ही दोन प्रथिने सतत तयार करतो. पेशींच्या अनिर्बंध वाढीला लगाम घालणारी आपली प्रथिने ती निकामी करतात. ही लस शरीरातील टी-पेशींना ई६ व ई७ ओळखण्यास शिकवते, जेणेकरून त्या रोगट पेशी हुडकून नष्ट करतील.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कर्करोगपूर्व विकृती असलेल्या स्त्रियांना अशी डीएनए लस देण्यात आली. त्यांच्यापैकी सुमारे ४९ टक्के जणींची विकृती ओसरली. औषध नसलेली टोचणी घेतलेल्यांत हेच प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. मात्र वाढलेली गाठ प्रतिकारशक्तीलाच दडपून टाकते. त्यामुळे पूर्ण विकसित कर्करोगावर केवळ लस पुरेशी ठरत नाही. केमोथेरपी व प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे तिच्या जोडीला देऊन प्रयोग सुरू आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अशी लस अद्याप नित्याच्या वापरात आलेली नाही.

तोवर मातांनी काय करावे? याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी उपलब्ध करून दिली, त्यात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कारण विकृती वेळीच सापडली आणि लगेच उपचार झाले.

संकोचापायी ही तपासणी टाळली जाते, आणि त्याचे मोल सारे घर मोजते. लेकीला लस देण्यासाठी दवाखान्यात गेलेल्या मातेने त्याच दिवशी स्वतःच्या तपासणीचीही वेळ ठरवावी. संवर लेकीचा झाला, म्हणून मातेची निर्जरा आपोआप होत नसते.